श्वास मोजणारी माणसं

आमच्या रजिस्टरला शेवटचा रकाना असतो, 'शेरा'. जेमतेम दोन बोटं रुंद. त्यात 'बरा झाला', 'पुढे पाठवला', 'गोळ्या दिल्या' एवढंच मावतं. जे मावत नाही ते आमच्यापाशी राहतं. मला सिस्टर होऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे किती उरलं असेल बघा! महिन्याच्या मिटिंगला आम्ही नर्सबाया तालुक्याला जमलो की चहा येईपर्यंत हेच चालतं. एकीनं सुरू केलं की दुसरीला आठवतं, आणि साहेब येऊन खुर्चीवर बसले तरी कोणाचं तरी शेवटचं वाक्य राहिलेलंच असतं.

आज फक्त खोकल्याधापेचे सांगते, न्यूमोनियाचे. आमचा दवाखाना आलापल्लीहून तासाभराच्या रस्त्यावर आहे, चारी बाजूंनी सागवान. माणसं मोजकीच. मी मेश्राम सिस्टर, माहेर सावलीकडचं. शिंदे डॉक्टर, साताऱ्याकडून आलेले. अँब्युलन्सचे ड्रायव्हर देवरावभाऊ. आणि रेंगागुडा गावची आशा कार्यकर्ती सोमीबाई, जी घरोघर फिरून आजारी माणूस शोधून काढते. शिक्षण चौथी. पण तिनं एकदा "हा पेशंट गाडीत घाला" म्हटलं की आमच्यात वाद घालायची कोणाची हिंमत नाही.

*

शिंदे डॉक्टर नवीन होते तेव्हाची गोष्ट. रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. ओपीडीत एक बाई दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "साहेब, पोराले डब्बा झाला."

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. हातात डबा नव्हता. पिशवीतही नव्हता. त्यांना वाटलं, पोरानं कसल्यातरी डब्याचं झाकण गिळलं. त्यांनी टॉर्च काढली आणि पोराचं तोंड उघडून घशात बघायला लागले.

बाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग शांतपणे म्हणाली, "तोंडात नाई जी. इथी पाहा." आणि तिनं पोराचं झबलं वर केलं.

प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता, तिथे खड्डा पडत होता. डॉक्टरांनी टॉर्च टेबलावर ठेवली आणि मला हाक मारली. पुढचं सगळं भराभर झालं. ऑक्सिजन लावला, पहिलं इंजेक्शन दिलं, देवरावभाऊंनी गाडी काढली, आणि पोर तालुक्याच्या दवाखान्यात वेळेत पोचलं.

संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लहान लेकराच्या न्यूमोनियाला डब्बा म्हणतात, आणि धापेसारख्या भरभर श्वासाला लाहक. हे शब्द इथल्या बायांना आजीपासून माहीत आहेत. डॉक्टरांनी वहीत दोन्ही शब्द लिहून घेतले. मग म्हणाले, "सिस्टर, या खड्ड्यावर आमच्या पुस्तकात अर्धं पान आहे. तिनं नुसतं झबलं वर केलं."

दोन महिन्यांनी त्यांनी मोठ्या दवाखान्यात फोन लावला आणि घाईत सांगितलं, "एक डब्बा पाठवतोय, बेड तयार ठेवा."

पलीकडे कोणीतरी नवीन डॉक्टर होता. तो म्हणाला, "सर, डब्याला बेड कशाला?"

*

आता देवरावभाऊंचं सांगते. हा माणूस बावीस वर्षं अँब्युलन्स चालवतोय, त्यामुळे अर्धा डॉक्टर आहे असं त्यांचं स्वतःचं मत आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही. गाडीत बसलेल्या प्रत्येक नातेवाईकाला ते आरशातून बघत समजावतात: थंडी वाजून ताप आला, खोल श्वास घेतला की बरगडीत सुरी खुपसल्यासारखं दुखलं, बेडका तांबूस पडला, दोन पावलं चाललं की धाप लागली, तर घरी काढा पीत बसायचं नाही. लोक माना हलवतात. उतरताना देवरावभाऊ त्यांना पुन्हा एकदा ऐकवतात.

मागच्या हिवाळ्यात देवरावभाऊ दोन दिवस रजेवर गेले. "अंग कसकस करून राह्यलं, गॅस झाला," असं फोनवर म्हणाले. त्यांनी गॅसची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या. डाव्या बरगडीत चमक निघायची, तर गाडीचा गिअर ओढून ओढून स्नायू धरला म्हणायचे. बेडका तांबूस पडला, तर पान खाल्लं होतं म्हणायचे. पान त्यांनी चार वर्षांपूर्वी सोडलं होतं.

त्यांची बायको शांताबाई हे सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागलं. तेव्हा तिनं फोन उचलला आणि सवयीनं गावात सगळे लावतात तोच नंबर लावला. बाजूच्या खोलीत फोन वाजला. देवरावभाऊंनी खाटेवर पडल्या पडल्या घेतला.

"गाडी पाठवा," शांताबाई म्हणाली, "पेशंट सीरियस हाये."

देवरावभाऊंनी धापा टाकत विचारलं, "काय होऊन राह्यलं पेशंटले?"

तिनं सगळं सांगितलं. थंडी, ताप, बरगडीत चमक, तांबूस बेडका, दोन पावलांत धाप. थोडा वेळ पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "न्यूमोनिया दिसते. पत्ता सांगा."

"तुमचाच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी बदली ड्रायव्हर घेऊन गेले तेव्हा देवरावभाऊ स्वेटर घालून, चप्पल पायात सरकवून तयार बसले होते. बोटाला यंत्र लावून बघितलं तर ऑक्सिजन बराच खाली होता. स्ट्रेचरवर आडवं केलं, मास्क लावला. सगळ्या रस्ताभर मास्क बाजूला करून ते एकच सांगत होते, "त्याले म्हणा, पुलाआधी सेकंड टाक."

*

आमच्याकडे आत जंगलातल्या गावांतून काही जणी येतात, त्यांना मराठी येत नाही. माडिया बोलतात. सोमीबाई असली तर ती दुभाषी. एकदा ती लसीकरणाला गेली होती आणि एक तरुण आई एकटीच आली. पाठीला लुगड्यात बांधलेली दोन वर्षांची मुलगी. गावापासून रस्त्यापर्यंत दीड-दोन तास चालून आलेली.

डॉक्टरांनी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं. ती नुसती बघत राहिली. मुलगी सारखी रडत होती, आणि रडणाऱ्या लेकराचे श्वास मोजता येत नाहीत.

मग त्या आईनं मुलीला माझ्याकडे दिलं, डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर बसली, डोळे मिटले आणि भरभर श्वास घ्यायला लागली. वरवरचे, छोटे, नाकपुड्या फुलवून. मधेच दर थोड्या वेळानं बारीक कण्हणं.

डॉक्टरांनी घड्याळ काढलं आणि आईचे श्वास मोजले. बावन्न. पंधरा मिनिटांनी मुलगी माझ्या खांद्यावर झोपली तेव्हा तिचे मोजले. चोपन्न. त्या वयाला चाळीसच्या पुढे गेलं की धोक्याचं समजायचं.

औषधं लिहिता लिहिता डॉक्टर मला म्हणाले, "आईचं दोननं चुकलं."

*

सगळेच किस्से हसण्याचे नसतात. एक असा आहे की तो मी मिटिंगमध्ये सांगत नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचा कळणार नाही.

रेंगागुड्यात एका घरी तीन आठवड्यांची मुलगी होती. सोमीबाई तेव्हा नवीन होती. ती भेटीला गेली तर आजी कौतुकानं म्हणाली, "लय शहाणी पोट्टी हाये. दोन दिवस झाले, रडत नाई, दूध मागत नाई, पडून रायते." सोमीबाईनं खोकला आहे का विचारलं. नव्हता. ताप आहे का विचारलं. अंग उलट गारच होतं. तिला वाटलं सगळं बरं आहे. वजन उद्या करू म्हणून ती पुढच्या घरी गेली. ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.

इतक्या लहान लेकराला न्यूमोनिया झाला तर खोकला येईलच असं नसतं, तापही येईलच असं नसतं. ते दूध सोडतं आणि गप्प होतं. हे मी सोमीबाईला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण मीही एका वाक्यात सांगून पुढे गेले होते. तिनं मला दोष दिला नाही. मीही तिला दिला नाही. आम्ही दोघी त्या घरी जाऊन बसून आलो.

पुढच्या वर्षी सोमीबाई एका लग्नाला शेजारच्या गावात गेली होती. मांडवात पंगत बसलेली. पलीकडे दोन बाया बोलत होत्या आणि एक म्हणाली, "सुनेचं लेकरू लय शहाणं हाये बाई, आवाज नाई त्याचा."

सोमीबाई पानावरून उठली. खरकट्या हातानं त्या बाईला म्हणाली, "कुठी हाये ते लेकरू?"

बाईला वाटलं, हिला बघायची हौस. जेवून जाऊ म्हणाली. सोमीबाई म्हणाली, आत्ता. घर मांडवापासून चौथं होतं. एक महिन्याचा मुलगा, दूध ओढत नव्हता, ओठांभोवती काळसर निळं. श्वास बासष्ट. तिनं लेकराला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडं गुंडाळलं, म्हणजे अंग गरम राहील, आणि नवऱ्या मुलाच्या वरातीसाठी सजवलेली जीप मागितली. नवरदेव बसायच्या जागी आई बसली. फुलांच्या माळांसकट जीप आमच्या दारात आली तेव्हा मला वाटलं, नवरदेवालाच काहीतरी झालं.

तो मुलगा आता पहिलीत आहे. शाळेत इतका आवाज करतो की गुरुजींनी त्याला पहिल्या रांगेत बसवलंय. सोमीबाईला हे कोणी सांगितलं की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

*

दुसऱ्याचं सांगितलं, आता माझं. मला फार येतं असं मला वाटत होतं, त्या वेळचं.

दिवाळीला मी सावलीकडे माहेरी गेले होते. माझे बाबा निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. धोतर नाही, पँट-शर्ट. शर्टाला कडक इस्त्री, वरची गुंडी लावलेली, खिशाला पेन. घरात त्यांच्यासमोर माझा भाऊ अजून सरळ बसतो, आणि तो पंचावन्नचा आहे.

मी पोचले त्या दिवशी बाबांनी शर्ट उलटा घातला होता. शिवण बाहेर. चहा दिला तर दोन घोट घेऊन ठेवला. दुपारी मला विचारलं, "पोरं आली का वर्गात?" आम्ही सगळे हसलो. भाऊ म्हणाला, वय झालं त्यांचं. मीही तेच म्हणाले. ताप नव्हता. खोकला नव्हता. मी हात लावून बघितला होता, सिस्टर आहे ना मी.

तिसऱ्या दिवशी सोमीबाईचा फोन आला. लसीच्या यादीतलं एक नाव विचारायचं होतं. बोलता बोलता मी तिला बाबांचं सांगितलं, गंमत म्हणूनच. की शाळा भरवून राह्यले घरात.

ती हसली नाही. म्हणाली, "कधीपासून जी?"

मी म्हटलं, परवापासून.

"परवापर्यंत बरोबर होते?"

मी म्हटलं, हो.

मग ती म्हणाली, "श्वास मोजला का, सिस्टर?"

मी फोन हातात धरूनच बाबांच्या खाटेपाशी गेले. ते झोपले होते. मी त्यांच्या छातीकडे बघत मिनिटभर उभी राहिले. चौतीस. मोठ्या माणसाला तीस म्हणजेच फार. हजारो लेकरांचे श्वास मोजले मी, आणि माझ्या घरात माझे वडील दोन दिवस माझ्यासमोर भरभर श्वास घेत होते. म्हाताऱ्या माणसाला ताप-खोकला न येता नुसतं भान सुटतं, जेवण सुटतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

भावानं जीप बोलावली, आम्ही ब्रह्मपुरीला नेलं. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा. डॉक्टर म्हणाले, अजून दिवस काढला असता तर अवघड होतं.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले. आधी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे, मग भावाकडे. भाऊ दोन दिवस त्याच शर्टात होता. बाबा म्हणाले, "वरची गुंडी लाव."

भावानं गुंडी लावली आणि बाहेर जाऊन रडला.

*

आमच्या भागात गावोगाव पुजारी आहेत. लेकरू आजारी पडलं की घरचे आधी त्यांच्याकडे जातात. शिंदे डॉक्टरांना सुरुवातीला याचा फार राग यायचा. सगळ्यांना एकत्र बोलावून समज द्यावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, मला आधी जाऊन येऊ द्या.

लालसूकाका म्हणजे पाच गावांचे पुजारी. मी आणि सोमीबाई त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्यांनी मोहफुलं वाळत घातली होती, ती हातानं पसरवत ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "लोक माझ्याकडे रडत येतात, तुमच्याकडे भीत येतात. मी त्यांले नाई कसा म्हनू?"

मी म्हटलं, नाही म्हणू नका. पूजा करा. फक्त लेकराकडे बघून ठरवा, पूजा आधी की गाडी आधी.

"ते कसं कळन?"

तेव्हा सोमीबाई पुढे सरकली. तिनं त्यांना घड्याळाचा काटा दाखवला आणि सांगितलं: लेकरू शांत असताना पोट वर-खाली होतं तो एक श्वास, असा पूर्ण मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. तिथे पोचलं की डब्बा समजायचा. आणि छाती आत ओढत असेल, दूध-पाणी घेत नसेल, ओठ निळे असतील किंवा हाक मारून उठत नसेल, तर मोजत बसायचंच नाही. लालसूकाका पुन्हा मोहफुलं पसरवायला लागले. आम्ही चहा पिऊन आलो. मला वाटलं, गेला दिवस वाया.

महिन्याभरानं एक बाप दहा महिन्यांचं लेकरू घेऊन सकाळी सकाळी आला. आजार लागून एकच दिवस झाला होता. इतक्या लवकर त्या गावातून कोणी येत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, कोणी पाठवलं? तो म्हणाला, "देवानं."

झालं असं की हे लोक लालसूकाकांकडे गेले. त्यांच्या अंगात आलं. आणि देव त्यांच्या तोंडून म्हणाला, "थांबा, श्वास मोजू द्या." मोजले. मग देव म्हणाला, "छप्पन्न. पन्नासच्या वर हाये. आधी दवाखान्यात न्या, कोंबडं मंग पाहू."

लेकरू औषधं घेऊन चार दिवसांत बरं झालं. आठवडी बाजारात डॉक्टरांना लालसूकाका भेटले. डॉक्टरांनी नमस्कार केला आणि आदरानंच विचारलं, "काका, तुमच्या देवाला आकडे येतात?"

लालसूकाका म्हणाले, "आधी नव्हते येत जी. सोमीनं शिकवले."

*

शेवटचा सांगते आणि उठते.

मार्च लागला होता. सोमीबाईचा निरोप आला की यशोदाबाईच्या नातवाचं काही ठीक दिसत नाही आणि ती ऐकत नाही. यशोदाबाई म्हणजे गावातली मानाची बाई. नवरा लवकर गेला, पाच लेकरं एकटीनं वाढवली, पाचही धडधाकट. गावात कोणाचं लेकरू आजारी पडलं की तिला विचारतात. तिला सांगायला जाणारं कोणी नव्हतं.

आम्ही दुपारी पोचलो. अंगणात चिंच फोडायचं काम चाललं होतं. एकीकडे गराचे गोळे, दुसरीकडे चिंचोक्यांचा ढीग. सून ओसरीवर आठ महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन बसलेली. लेकरू झोपलं होतं. सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला दवाखान्यात यायचं होतं, ते कळत होतं.

मी घड्याळ लावून मोजलं. अठ्ठावन्न. यशोदाबाईनं चिंच फोडणं थांबवलं नाही. म्हणाली, "पाच वाढवले म्या. सर्दी हाये. उतरन."

मी सांगितलं की या वयाला पन्नास म्हणजे धोका आणि हे अठ्ठावन्न आहे. ती म्हणाली, तुमचं घड्याळ तुमच्यासारखंच घाईचं. मी पुन्हा मोजलं. सत्तावन्न. ती म्हणाली, मोजणारी तूच, आकडाही तुझाच.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिनं विश्वास कशावर ठेवायचा?

सोमीबाई उठली. तिनं ढिगातले दोन ओंजळी चिंचोके घेतले आणि यशोदाबाईच्या पुढ्यात ठेवले. म्हणाली, "मावशी, घड्याळ सिस्टर पाहतील. श्वास तू पाह्य. एक श्वास, एक चिंचोका."

यशोदाबाईनं हातातली चिंच खाली ठेवली. मग हात लुगड्याला पुसून नातवाजवळ येऊन बसली. मी म्हटलं, सुरू. ती त्याच्या पोटावर नजर ठेवून एकेक चिंचोका बाजूला टाकायला लागली. हात लवकर लवकर चालवावा लागत होता. मधे एकदा तिचा हात मागे पडला, तेव्हा तिनं ओठ दाबले आणि पुन्हा गाठलं. मी म्हटलं, झालं.

शेजारच्या घरी त्याच वयाचं लेकरू होतं. सोमीबाईनं तेही आणायला लावलं, झोपलेलंच. यशोदाबाईनं त्याचेही मोजले. या वेळी तिचा हात निवांत चालला. मिनिट संपल्यावर ओसरीवर दोन ढीग होते. नातवाचा बशीभर, शेजारच्याचा मूठभर.

सून रडत होती, पण आवाज नव्हता.

यशोदाबाईनं मोठा ढीग ओंजळीनं पदरात भरला, पदराला गाठ मारली, आणि नातवाला सुनेच्या मांडीवरून स्वतः उचललं. "गाडी कुठी हाये?" एवढंच म्हणाली.

दवाखान्यात शिंदे डॉक्टरांनी लेकराला तपासायला घेतलं. यशोदाबाई टेबलासमोर उभी राहिली, पदराची गाठ सोडली आणि सगळे चिंचोके त्यांच्या कागदांवर ओतले. डॉक्टर दचकले. ती म्हणाली, "याचे एका मिनटाचे श्वास हायेत, साहेब. लय झाले. कमी करून द्या."

लेकरू पाच दिवस आमच्याकडे होतं. रोज सकाळी ती तेच चिंचोके घेऊन खाटेजवळ बसायची आणि मला म्हणायची, घड्याळ धर. पहिल्या दिवशी ढीग तेवढाच राहिला, आणि तिनं दिवसभर जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडा उतरला. तिसऱ्या दिवशी त्यानं आईचं दूध नीट ओढलं. जे चिंचोके लागत नव्हते ते ती पदराच्या एका वेगळ्या गाठीत ठेवत होती.

सुटी मिळाली त्या दिवशी तिनं शेवटचं मोजलं. छत्तीस. सून लेकराला घेऊन गाडीत जाऊन बसली. यशोदाबाई मात्र परत आत आली. डॉक्टर दुसरा पेशंट बघत होते, त्यांना तिनं थांबवलं नाही. पदराची ती वेगळी गाठ सोडली आणि उरलेले चिंचोके टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले.

"हे याले लागत नाई आता," ती मला म्हणाली. "इथी राहू द्या. कोनाले तरी लागतील."